शेताची कड, शुक्रवारचा बटवडा आणि बिगर-यहुदी माणसाची तोरा

उद्यमबाग_लेथ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी बेळगावचा. उद्यमबागेत जॉबवर्कचं छोटं शॉप आहे. सासुरवाडीची खानापूर तालुक्यात थोडी भाताची जमीन आहे, ती आता आम्हीच बघतो. घराणं मेथडिस्ट, आजोबांच्याही आधीपासून. आमच्या मंडळीत एक आराधना कन्नडमध्ये होते, एक मराठीत, आणि नाताळला दोन्हीकडची माणसं एकाच मांडवात जेवतात. हे आधीच सांगतो, कारण कोणीतरी विचारणारच की तुम्ही यहुदी कधी झालात. नाही झालो. बाप्तिस्मा झालाय, सुंता झालेली नाही, आणि या वयात त्याबद्दल काही विचारही नाही.

तर विषय असा. यहुदी लोक मोशेची पाच पुस्तकं, म्हणजे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद (यांनाच ते तोरा म्हणतात), ५४ भागांत वाटून वर्षभर सभास्थानात वाचतात. दर शब्बाथला, म्हणजे त्यांच्या विसाव्याच्या शनिवारी, एक भाग, कधी दोन जोडून. मांडवांचा सण उरकला की शेवटचा भाग संपतो आणि लगेच पुन्हा सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात. लॉकडाऊनमध्ये शॉप बंद होतं तेव्हा मी हे वेळापत्रक बघून वाचायला लागलो. सवय राहिली. नेहमीचं बायबल आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर, दोन्ही शेजारी उघडून बसतो. (रमाबाईंचा जन्म आपल्या कर्नाटकातल्या घाटातला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ ला त्या गेल्या, पुस्तक १९२४ ला बाहेर आलं.)

आमच्याकडे जानेवारीत वर्षभर बायबल वाचायचा संकल्प सोडणारे पुष्कळ, आणि त्यातले बहुतेक लेवीयपाशी थांबतात. माझं उलट झालं. मला लेवीयच्या १९ व्या अध्यायानेच धरून ठेवलं.

आता जे बोलायचंय ते बोलतो. हल्ली आपल्या भागातल्या प्रार्थनासभांत यहुदी वस्तूंची लाट आली आहे. मेंढ्याचं शिंग कुरिअरने येतं आणि गाण्याच्या मध्येच फुंकलं जातं. खांद्यावर गोंड्यांची शाल असते. स्टेजवर सात दिव्यांची समई, मागे निळा-पांढरा झेंडा. कोणाच्या भक्तीवर शंका घेत नाही. पण गोंड्यांची आज्ञा गणनाच्या १५ व्या अध्यायात आहे, आणि ती 'इस्राएल लोकांना सांग' अशीच सुरू होते. ती त्यांना खूण म्हणून दिली. आम्ही नेमक्या खुणा उचलल्या. आणि मजुरी, वजनमाप, कठडा, शेजाऱ्याची हद्द, हे मात्र 'नियमशास्त्राचा काळ संपला' म्हणून सोडून दिलं. माझ्या मते घ्यायचं होतं ते राहिलं आणि ठेवायचं होतं ते घेतलं.

मजुरीचंच बघा. अनुवाद २४ म्हणतं, मजुराची मजुरी त्याच दिवशी द्या, सूर्य मावळायच्या आत. तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला आहे. आमच्याकडे बटवडा शनिवारी संध्याकाळी व्हायचा. मोठ्या कंपनीचा चेक अडकला असेल तर 'सोमवारी बघू'. सगळं उद्यमबाग असंच चालतं, यात कोणाला काही गैर वाटत नाही. मी बटवडा शुक्रवारी दुपारी आणला, आणि चेक येवो न येवो, आधी पोरांचे पैसे, मग पॉवर बिल, मग माझं घर. शनिवारच्या बाजाराला त्यांच्या हातात पैसे असतात. बायको म्हणाली, आपल्या हातात नसतात. खरं आहे. ओव्हरड्राफ्टचं व्याज भरतो.

याच विषयावर तालमुदात, म्हणजे यहुदी गुरूंच्या धर्मशास्त्रावरच्या चर्चांच्या ग्रंथात, बाबा मेत्सिया नावाच्या भागात, एक गोष्ट आहे. रब्बा बार बार हाना नावाच्या विद्वानाने हमाल लावले. त्यांच्या हातून दारूचं पिंप फुटलं. याने भरपाई म्हणून त्यांची वस्त्रं काढून घेतली. हमाल रावकडे, म्हणजे त्या काळच्या मोठ्या गुरूंकडे गेले. राव म्हणाले, वस्त्रं परत दे. हा म्हणाला, कायदा असाच आहे का? राव म्हणाले, हो, चांगल्यांच्या वाटेने चालावं असं नीतिसूत्रांत लिहिलंय. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, उपाशी आहोत, हातात काही नाही. राव म्हणाले, यांची मजुरीही दे. याने पुन्हा विचारलं, हाही कायदाच का? हो, त्याच वचनाचा पुढचा अर्धा भाग.

लेथवर जॉब रिजेक्ट झाला की ऑपरेटरच्या पगारातून कापायची आमच्या धंद्यात रीत आहे. ही गोष्ट वाचल्यावर मला ते कापणं जमेनासं झालं. मटेरियल महाग असतं हो, मान्य. पण पिंपही महागच असणार.

बाकीचं थोडक्यात. अनुवाद २२: नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडलं तर खून तुझ्या माथी. गवंडी म्हणत होता दोन थर पुरे, मी वाढवून घेतला. अनुवाद २५: पिशवीत दोन वजनं ठेवू नको, एक घ्यायचं आणि एक द्यायचं. ऊस घालणाऱ्यांना हे समजवायला नको, 'काटा मारला' हा शब्द आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. आणि लेवीय १९: शेत कापताना कडेपर्यंत कापू नको, पडलेला सरवा गोळा करू नको, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी. गेल्या सुगीला बांधालगतची कड सोडली. मेहुणा म्हणाला, दाजींचा विळा बोथट झालाय.

प्रश्न असा: बिगर-यहुदी माणसाने यातलं काय घ्यावं, काय घेऊ नये? आणि घेतलं तर ते कोणाच्या अधिकाराने?

खानापुरी_भात

दादा, झकास लिवलंय. पण कड सोडायचं आता वेगळंच झालंय की. हार्वेस्टर वळताना कोपऱ्यात जातच नाही. चारी कोपरे आपोआप ऱ्हातात. मग आमी बायका लावून विळ्यानं ते कोपरे कापून घेतो, त्येची मजुरी वेगळी. हिशोब केला तर त्या कोपऱ्यातलं भात आनि त्या बायकांची मजुरी जवळजवळ सारकीच. तुमचं वाचून वाटूलालंय की उगंच कापूलालो इतकी वर्सं.

पर वेचनार कोन? गावात आता सरवा वेचायला कोन येत न्हाई. रेशनचं तांदूळ मिळतंय.

उद्यमबाग_लेथ

@खानापुरी_भात, आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात ना, त्यांच्यातल्या म्हाताऱ्या आणि पोरं आली. कुठून कळलं कोण जाणे. भाताचं फार नाही, पण रताळी काढलेल्या रानात पुष्कळ मिळालं त्यांना. नांगराच्या तासात राहिलेली रताळी आम्ही दुसऱ्यांदा धुंडाळली नाहीत, एवढंच.

नियम_की_कृपा

सर, तुमचा हेतू चांगला आहे, पण रस्ता घसरडा आहे. गलतीकरांस पत्र ३ वाचा: नियमशास्त्र आपल्याला ख्रिस्ताकडे पोहोचवणारं होतं, विश्वास आल्यावर आपण त्याच्या हाताखाली नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला तो कशासाठी? बिगर-यहुद्यांना यहुदी रीतीने वागायला लावू नका म्हणूनच. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमच्या सभेने ठरवलं: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म, एवढं वर्ज्य करा. शेताची कड त्यात नाही. आज कड, उद्या डुकराचं मांस, परवा सुंता.

आणि मजुरी वेळेवर द्यायला तोरा कशाला लागते? अडवलेल्या मजुरीबद्दल याकोब ५:४ आहे की.

उद्यमबाग_लेथ

@नियम_की_कृपा, याकोबाने ते आणलं कुठून? लेवीय १९ आणि अनुवाद २४ समोर ठेवून ५:४ वाचा. शिवाय तुम्ही म्हणता त्याच सभेचं पुढचं वाक्य, १५:२१: मोशेचं नियमशास्त्र प्रत्येक गावात दर शब्बाथला वाचलं जातं. म्हणजे या चार गोष्टींपासून सुरुवात करा, बाकीचं कानावर पडत राहील, असं मी ते वाचतो. तुम्ही वेगळं वाचत असाल.

तारणासाठी कड सोडली असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तारण झालेलं आहे म्हणूनच तर ओव्हरड्राफ्ट परवडतोय.

डुकराच्या मांसाबद्दल: आमच्या घरी नाताळला होतं. पुढेही होईल.

विठोबाचा_हिंडलगेकर

मी तुमच्या धर्मातला नाही, पण विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आमच्यात माळ घातली की मांस-मच्छी, दारू सुटली, एकादशी आली, वारी आली. माळ कोणीही बाजारातून आणू शकतो, दहा-वीस रुपयांना मिळते. पण माळ घालून खानावळीत मटणाच्या ताटावर बसलेला माणूस दिसला की गावात त्याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. तुम्ही त्या शालीबद्दल लिहिलंत ते मला याच हिशोबात कळलं. ज्याने बंधन घेतलं नाही त्याने खूण घेऊ नये.

मात्र उलटही आहे. माळ न घालता दारू सोडली तर कोण अडवतंय?

पुढील लेखनास शुभेच्छा.

ठाणे_खाडी

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, ठाण्याचा, पूर्वज अलिबागकडचे. एरवी या संस्थळावर फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असतो. हा धागा भावाने पाठवला. (तो इस्राएलमध्ये असतो, मराठी मालिका बघतो, आणि मला मराठी शिकवतो.)

आधी आमच्याबद्दल दोन वाक्यं, कारण अर्ध्या लोकांना वाटतं आम्ही ब्रिटिशांबरोबर आलो. आमचे लोक कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी परंपरा आहे. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. ग्रंथ हरवले, हिब्रू गेली. राहिलं काय, तर शनिवार, सुंता, मासा कोणता खायचा त्याचा नियम, आणि 'शेमा इस्राएल' एवढी प्रार्थना. किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसाला, आजी दारफाळणीचा सण म्हणायची. हिब्रू नंतर पुन्हा शिकलो. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटका झाल्याच्या सणाच्या, रात्री वाचायची हगादा नावाची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ ला छापली गेली, पुण्यात १८७४ ला. तेव्हा मराठीतून तोरा ही काही नवी गोष्ट नाही, तुम्ही उशिरा आलात इतकंच :)

आता तुमचा प्रश्न. तुम्हाला वाटतं तसं सोपं उत्तर नाही.

शब्बाथ आणि खुणा यांबाबत तुमचं बरोबर आहे, आणि आमच्याकडचे विद्वान तुमच्यापेक्षा कडक आहेत. तालमुदाच्या सन्हेद्रिन नावाच्या भागात, ५८ व्या पानावर, बिगर-यहुद्याने आमच्यासारखा शब्बाथ पाळू नये असंच आहे, आणि शब्द फार जड आहेत. पुढच्याच पानावर रब्बी योहानान म्हणतात, बिगर-यहुद्याने तोरेचा अभ्यास करू नये. आणि तिथेच रब्बी मेईर म्हणतात, तोरेचा अभ्यास करणारा बिगर-यहुदी महायाजकासारखा आहे! कारण लेवीय १८:५ मध्ये 'जो मनुष्य ते पाळील' असं आहे, याजक किंवा लेवी किंवा इस्राएली असं नाही. मग तालमूद दोघांना जुळवतं: आपल्या वाट्याच्या सात आज्ञांचा अभ्यास करणारा तो महायाजकासारखा. त्या नोहाच्या संततीला दिलेल्या सात: मूर्तिपूजा नको, देवाची निंदा नको, खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, जिवंत जनावराचा तुकडा तोडून खाणं नको, आणि न्यायालयं स्थापन करा.

शेताची कड तुमच्यावर नाही. आमच्यावरही तोरेप्रमाणे इस्राएलच्या भूमीतच आहे. तुम्ही सोडलीत तर ते दान झालं, कोणी हरकत घेणार नाही. एक मात्र लक्षात ठेवा. मिश्नात, म्हणजे तालमूद ज्यावर उभं आहे त्या मूळ नियमसंग्रहात, कडेला वरचं माप नाही, कमीत कमी साठावा हिस्सा. आणि ती कोणाला द्यायची हे मालकाने ठरवायचं नाही. आवडत्या माणसाला हाक मारून दिली तर ती कड राहत नाही, गरिबांनी येऊन स्वतः घ्यायची. हातातून एकदोन कणसं पडली तर तो सरवा, तीन एकत्र पडली तर मालकाची. हे हिल्लेल नावाच्या गुरूंच्या शिष्यपरंपरेचं मत.

पण मजुरी! ती तुमच्यावर आहे. तुम्ही ती आमच्याकडून उसनी घेतलेली नाही. सातमधली चोरीची आज्ञा उलगडताना तालमुदाने मजुराची मजुरी अडकवणं त्यातच धरलंय, आणि रामबाम, म्हणजे मायमोनिदीस, यांनी राजांच्या कायद्यांत नवव्या अध्यायात ते स्पष्ट लिहून ठेवलंय. नोहाच्या संततीतल्या माणसाने मजुरी दाबली तर तो चोर. तेव्हा 'कोणाच्या अधिकाराने' याचं उत्तर, बटवड्यापुरतं तरी, असं की तुम्हाला कोणाचा अधिकार मागायची गरजच नाही.

शिंगाबद्दल रागावत नाही. कंटाळतो. चर्चमध्ये पेसाहचं, म्हणजे वल्हांडणाचं, जेवण नाटकासारखं करतात त्याचा मात्र त्रास होतो. निर्गम १२:४८ सुंता न झालेल्याने वल्हांडण खाऊ नये म्हणतं, ते तुम्हीच मानता त्या पुस्तकात आहे.

उद्यमबाग_लेथ

@ठाणे_खाडी, हा प्रतिसाद छापून शॉपच्या ऑफिसात लावतो. मनापासून आभार.

मजुरी माझ्यावर मुळातच आहे, हे मला नवीन आहे. मी आतापर्यंत ती जास्तीची म्हणून करत होतो. त्याने मजा गेली थोडी, आणि जबाबदारी वाढली.

शुक्रवारचा बटवडा म्हणजे शब्बाथ पाळणं नव्हे, हे सांगून ठेवतो. शॉप शनिवारी चालू असतं. मशीन बंद ठेवून मी काही इस्राएल होत नाही.

नास्तिक_निपाणीकर

छान चाललंय. मी जरा खडा टाकतो.

लेवीय १९ आवडतं, मग लेवीय २५:४४ ते ४६? आसपासच्या राष्ट्रांतले दास-दासी विकत घ्या, ते तुमच्या मुलांना वारसा म्हणून द्या. अनुवाद २०? कनानी नगरांत श्वास घेणारं काहीही जिवंत ठेवू नका. ही पुस्तकं निवडून वाचली तरच गोड लागतात. कड आवडली म्हणून कड घेतली, दास नको म्हणून दास सोडला. निवडणारे तुम्हीच. मग पुस्तक कशाला मध्ये?

मी निपाणीचा. आई बिड्या वळायची. हजारावर मजुरी, आणि संध्याकाळी कारखान्यात बिड्या दिल्या की 'छाट' निघायची. हातात घेऊन बघायचे, वाकडी आहे, सैल आहे, बाजूला. छाटीचे पैसे नाहीत, पण छाट परत पण नाही, ती विकायला जायची. देवाला मानणारे मालक होते सगळे. रोज सकाळी पूजा करून गल्ल्यावर बसायचे. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. कोणाच्या पोथीने ते थांबवलं?

मला सांगा, आईची छाट कोणत्या अध्यायात बसते?

उद्यमबाग_लेथ

@नास्तिक_निपाणीकर, छाट कुठे बसते ते सांगू शकतो. लेवीय १९:१३, शेजाऱ्यावर जुलूम करू नको, त्याचं लुबाडू नको, मजुराची मजुरी सकाळपर्यंत तुझ्याकडे राहू नये. वर मी सांगितलेली पिंपाची गोष्ट तर सरळ छाटीचीच आहे. त्यात फुटलेल्या मालाची मजुरी द्यायला लावली. तुमच्या आईचा माल फुटलाही नव्हता, विकला जात होता.

दासांबद्दल आणि कनानी नगरांबद्दल माझ्याकडे समाधान होईल असं उत्तर नाही. पुस्तकाच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. पळून आलेला दास मालकाला परत देऊ नका, त्याला आवडेल त्या गावात राहू द्या, हे अनुवाद २३ मध्ये आहे. आणि उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्ही मिसरात उपरे होता, हे लेवीय १९:३४. पण २५:४४ त्याने पुसलं जात नाही. तो भाग वाचनात येतो तेव्हा मी तोही वाचतो, वगळत नाही, आणि तो आठवडा वाईट जातो.

निवडणारा मीच, हे बरोबर. पण बटवडा शुक्रवारी आणायचं मी निवडलं नसतं. मला ते परवडत नाही.

ठाणे_खाडी

निपाणीकर, आमच्या आजोबांकडे एक उत्तर होतं: तोरा सत्तर तोंडांची आहे, त्यातली काही चावतात. त्यांचंच वाक्य होतं की कुठे ऐकलेलं, माहीत नाही. आईंना नमस्कार सांगा.

शहापूरचा_माग

अवांतर. अनुवाद २२:११ मध्ये लोकर आणि जवस मिसळलेलं कापड घालू नको आहे ना? आम्ही वडगाव-शहापूरकडचे मागवाले. आमच्या साडीत सुती ताणा आणि रेशमी बाणा, किंवा आता सरळ पॉलिस्टर. आम्ही गेलो का कामातून?

ठाणे_खाडी

नाही गेलात. बंदी फक्त लोकर आणि जवसाच्या धाग्याची, दोन्ही एकत्र. सूत, रेशीम, पॉलिस्टर कशातही मिसळा. आणि तीही आमच्यावर. तुम्ही लोकरीत जवस घालून विणलंत तरी चालेल, फक्त मला विकताना सांगा.

सीमाभाग_जिंदाबाद

अनुवाद १९:१४, शेजाऱ्याची हद्द सरकवू नको, पूर्वजांनी ठरवलेली. अनुवाद २७:१७, हद्द सरकवणाऱ्याला शाप. आता हे बेळगावच्या धाग्यावर आलंच आहे तर १९५६ ला हद्द कोणी सरकवली ते पण बोला. महाजन अहवाल १९६७, सुप्रीम कोर्टात दावा २००४ पासून, आम्ही अजून तिथंच.

संपादक_मंडळ

सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत आणि ते सगळे कुलूपबंद आहेत, कारणं सर्वांना माहीत आहेत. इथे तो विषय वाढवू नये. पुढील प्रतिसाद उडवले जातील.

खानापुरी_भात

हद्दीचं मी सांगतो, राजकारन न्हाई. आमच्या गावात दर नांगरटीला बांध येक तास आत सरकतोय. कुनाचा सरकतोय ते सगळ्यांना ठावं असतंय, पर भावकीत कोन बोलनार? सर्व्हेवाला आला की खुणंचा दगुड सापडत न्हाई. मग तलाठी, मग तहसील, मग कोर्ट. हित महाराष्ट्र-कर्नाटक लांबच ऱ्हायला. माज्या सख्ख्या चुलत्यानं दगुड उपसून विहिरीत टाकला हुता. शापाचा अध्याय त्येला वाचून दावला पायजे हुता.

नियम_की_कृपा

परत आलो. धागा पूर्ण वाचला. ठाणेकरांनी जे लिहिलं, की मजुरी बिगर-यहुद्यावर आधीपासूनच आहे, त्याला माझी हरकत नाही. रोमकर २:१४ मध्ये पौल परराष्ट्रीयांबद्दल तेच म्हणतो, नियमशास्त्र नसताना ते निसर्गतः त्यातल्या गोष्टी करतात. मग तुमच्या-माझ्यात भांडण उरतं ते कडेपुरतं. कड सोडा, पण मंडळीत शिकवू नका. लोक लगेच नियम करतात. आमच्याकडे एकाने उपवास केला की महिन्याने न करणारा पापी ठरतो.

उद्यमबाग_लेथ

मान्य. शिकवत नाही. इथे लिहिलं तेवढंच.

@खानापुरी_भात, चुलत्याला रोमकर ११ पण दाखवा. त्यात रानजैतुनाची फांदी चांगल्या झाडाला कलम केलेली आहे, आणि पौल तिला बजावतो की मुळाला तू धरलेलं नाहीस, मूळ तुला धरून आहे, फुशारकी मारू नको. हे मी स्टेजवर शिंग फुंकणाऱ्यांसाठी राखून ठेवलं होतं, पण बांध सरकवणाऱ्यालाही चालेल.

खानापुरी_भात

आमचं कलम आंब्याचं. चुलता त्येच्यावर पन हक्क सांगूलालाय.

कुंदा_आणि_मांडे

मी उशिरा आले. मोठमोठ्या गोष्टी झाल्या, मला एक स्वयंपाकघरातली विचारायची आहे. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला कॅम्पातल्या बेकरीतला पाव असतो. या वेळी पाळकबाई म्हणाल्या, पवित्र गुरुवारी बेखमीर करू या, तुम्ही करा. वल्हांडणाचं नाटक नाही हो ठाणेकर, आमचंच प्रभुभोजन, फक्त पाव नको इतकंच. मी म्हटलं ज्वारीची भाकरी करते, तिला कुठे खमीर लागतं? नणंद म्हणते गव्हाचीच पाहिजे. कोण बरोबर?

ठाणे_खाडी

ताई, दोघीही. आमच्या नियमाप्रमाणे खमीर फक्त पाच धान्यांना चढतं: गहू, बार्ली, ओट, राय आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचा भाऊ. ज्वारी त्यात नाही, म्हणजे ज्वारीची भाकरी खमिराची होऊच शकत नाही. पण जे खमिराचं होऊ शकत नाही त्याची मात्साही, म्हणजे आमची वल्हांडणाची बेखमीर भाकरीही, होत नाही. म्हणून मात्सा या पाचांपैकीच एकाची, बहुतेक वेळा गव्हाची. तुमच्या मंडळीला हा नियम लागू नाही, तेव्हा भाकरी केलीत तरी तुमचं काही अडणार नाही.

गव्हाची करायची असेल तर पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत अठरा मिनिटं. मीठ नाही, तेल नाही, कणीक झाकून ठेवायची नाही. तवा आधीच कडकडीत तापवा. लाटून झाल्यावर काट्याने टोचा, फुगू देऊ नका.

कुंदा_आणि_मांडे

अठरा मिनिटांत शंभर माणसांचं?

ठाणे_खाडी

प्रत्येक गोळ्याला अठरा मिनिटं. थोडं थोडं पीठ मळायचं, भाजायचं, हात आणि पोळपाट धुवायचा, पुन्हा मळायचं. आमच्याकडे चार बायका लागतात आणि एक घड्याळ बघणारा.

कुंदा_आणि_मांडे

घड्याळ बघायला आमचे हे आहेत, रिटायर झाल्यापासून तेच करतात. चार बायका जमवते. नणंदेला मात्र तव्यावर बसवणार, लाटायला नाही, तिच्या पोळ्या नेहमी फुगतात.